लोखंडाच्या हातानं अलॉय सरळ करू नका

खानापूर भागातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यांनी ऑटोक्रॉस आणि चिखलातल्या स्पर्धांसाठी जिप्सी तयार केलीय. गोव्याहून चोर्ला घाटानं परत येताना १५ इंची दोन अलॉय रिमं वाकली. एकाची आतली कड दबलीय आणि हवा रात्रीत उतरते. दुसऱ्याची कड तशीच दबलीय, शिवाय एका स्पोकच्या मुळाशी बारीक रेघ दिसतेय. एक गॅरेजवाला म्हणतो, गॅसनं तापवून ठोकतो, संध्याकाळपर्यंत घेऊन जा. दुसरा म्हणतो, दोन्ही भंगारात घाला. कुणाचं ऐकू?

दोघांपैकी कुणाचंच पुरतं ऐकू नका. पहिलं रिम बहुतेक वाचेल, पण गॅसवर नाही. दुसरं गेलं. का, ते जरा पसरून सांगतो, कारण पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडची पोरं हेच विचारत येतात.

आपल्याकडं हातोडा धरणाऱ्यांची कमी नाही. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, कुठंही जा, लोखंडाची नाडी ओळखणारी माणसं सापडतात. पण त्यांचा हात लोखंडावर बसलेला आहे. तापवा, लाल होऊ द्या, ठोका, गार करा. उसाच्या ट्रॉलीचं लोखंडी रिम असं सरळ करून चार हंगाम आणखी चालवतात आणि त्यात काही वावगंही नाही. ॲल्युमिनियम मात्र लाल होत नाही. ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम साधारण ५८० अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि तोवर उजेडात बघणाऱ्याला रंगात काही फरक कळत नाही. लोखंड आधी सांगतं, हे सांगत नाही. यमनापूरला हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना दारात उभा आहे, तरी ही गोष्ट आपल्या गॅरेजात पोचलेली नाही.

रंग कळत नाही ही अर्धीच अडचण. खरी अडचण धातूच्या आत आहे. अलॉय रिमला ताकद नुसत्या जाडीमुळं येत नाही, ती उष्णतेच्या संस्कारातून येते. कंपनीत ओतीव रिम सुमारे ५४० अंशांवर कित्येक तास ठेवतात, मग एकदम पाण्यात विझवतात, आणि त्यानंतर १५५ ते १७० अंशांच्या भट्टीत पुन्हा काही तास मुरवतात. या मुरवण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि तेच कण धातूला वाकू देत नाहीत. याला टी६ टेम्पर म्हणतात. मुरवण्याच्या तापमानाच्या बरंच वर गेलात की हे कण मोठे होत जातात, एकमेकांपासून लांब पडतात आणि धातू मऊ पडतो. २०० अंशांवर थोडा वेळ गेला तर नुकसान थोडं, २५०च्या पुढं ते मिनिटांत होतं. ६०६१-टी६ची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो आकडा, सुमारे २७५ मेगापास्कल असते. तेच पूर्ण ॲनील झालं, म्हणजे तापून पुरतं मऊ पडलं, की ५५च्या आसपास. गॅसवाला ज्या जागी ज्योत धरून बसतो, ती जागा या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी येऊन थांबते. कुठं, ते त्याला ठाऊक नसतं आणि तुम्हालाही कळायला मार्ग नसतो. रिम गोल दिसतं, बॅलन्सिंग होतं, टायर बसतो. पुढच्या दगडाला तीच जागा पुन्हा दबते, तेही निम्म्या धक्क्यात.

मग पुन्हा टी६ करून घेऊ का, असंही एकानं विचारलं होतं. अख्खं रिम ५४० अंशांवर नेऊन विझवलं की ते वेडंवाकडं होतं. कंपनी हे मशीनिंगच्या आधी करते, म्हणून तिला चालतं. तयार रिमवर कुणी करू नये.

आता तुमचं रिम कुठल्या जातीचं आहे ते बघा. बाजारातली बहुतेक अलॉय ओतीव असतात. धातू ए३५६ किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी, म्हणजे साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. सिलिकॉनमुळं साच्यात छान वाहतं, पण वाकताना फार ताणलं जात नाही. फोर्ज केलेलं, म्हणजे दाबून घडवलेलं, ६०६१ त्यापेक्षा बरंच सोशिक. ओतीव रिममध्ये दबलेला भाग लांबट आणि उथळ असेल तर आशा आहे. बोटभर रुंदीत खोल चेपला असेल, कडेला तीक्ष्ण घडी पडली असेल, तर तिथला धातू आधीच त्याच्या मर्यादेपर्यंत ताणला गेलाय. उलट दिशेनं ओढाल तेव्हा तो तडकणार. एकदा सरळ केलेल्या जागी दुसऱ्यांदा बेंड आला असेल तर मी हातच लावत नाही.

कुठं वाकलंय यावरही सगळं ठरतं. स्पोक बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळं बाहेरच्या कडेला आधार मिळतो. आतली कड एकटी उभी असते. म्हणून दहातली बहुतेक रिमं आतून दबतात आणि मालकाला बाहेरून काही दिसत नाही. आतली कड आणि तिच्यालगतचं बॅरल, म्हणजे टायरखालचा नळकांड्यासारखा भाग, एवढंच दुरुस्तीच्या हद्दीत येतं. स्पोक, हबवर बसणारा भाग आणि बोल्टची भोकं हद्दीबाहेर. तिथं बेंड किंवा तडा असेल तर चर्चा संपली.

दुरुस्तीला द्यायच्या आधी टायर उतरवून रिम स्वच्छ धुवा. आपल्या जांभ्याची लाल माती आतल्या बाजूला वाळून सिमेंटसारखी धरते. बॅलन्सिंगवाला त्या मातीसकट रिम मशीनवर चढवतो, वजनांवर वजनं ठोकतो आणि वर सांगतो की रिम आउट आहे. धुतल्यावर निम्म्या तक्रारी जातात. तुमची जाणार नाही, कारण हवा उतरतेय, पण मोजमाप तरी खरं येईल.

मोजायचं डायल गेजनं. रिम हबच्या मधल्या भोकावर नीट बसवा. गाडीवरच मोजत असाल तर आधी व्हील बेअरिंगचा खेळ तपासा, नाहीतर बेअरिंगचा दोष रिमच्या नावावर जाईल. गेजचं टोक कडेवर ठेवू नका. कडेला टायर बदलताना पडलेल्या खाचा असतात, सुई उगीच नाचते. टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, जिथं टेकते त्या पट्ट्यावर ठेवा. एकदा वर-खालीचा फरक घ्या, एकदा आत-बाहेरचा, आणि दोन्ही बाजूंना घ्या. मार्करनं रिमवरच आकडे लिहून काढा. अर्धा मिलिमीटरच्या आत असेल तर रिम उत्तम. चिखलात पळणाऱ्या गाडीला १ मिलिमीटरपर्यंत मी चालवून घेतो. त्यापुढं दुरुस्ती.

मोजून झालं की तडा शोधायचा आणि हे काम सरळ करायच्या आधी एकदा, नंतर एकदा, असं दोनदा करायचं. वेल्डिंगच्या दुकानात डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात. क्लीनरनं पुसा, लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसून घ्या, पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एक काळजी घ्या. जुना रंग काढायला रिम सँडब्लास्टला देऊ नका. वाळूच्या माऱ्यानं धातूचा पृष्ठभाग चेपून तड्याचं तोंड बुजतं आणि मग लाल रंग आत शिरतच नाही. रंग केमिकलनं काढा. दबलेल्या जागेभोवती वीतभर काढलात तरी पुरे.

आता प्रत्यक्ष सरळ करणं. इथं घाईचं काही नाही. रिम मधल्या भोकातून पक्कं धरायचं, स्पोकला आधार देऊन दाब द्यायचा नाही. हायड्रॉलिक रामच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं ढकलणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बॅरलच्या गोलाईशी जुळणारा ठोकळा हवा, म्हणजे दाब एका टोकावर न येता पसरून येतो. आधी दबलेलं बॅरल बाहेर ढकलायचं, कड नंतर. बरेच जण कडेपासून सुरुवात करतात, कारण डोळ्याला कड दिसते. पण कड दबलीय ती बॅरल दबल्यामुळं. बॅरल जागेवर आलं की कडेचं बरंचसं काम आपोआप होतं. थोडं ढकला, सोडा, मोजा, पुन्हा थोडं ढकला. धातू मागं येतो, म्हणून शून्याच्या किंचित पलीकडं न्यावं लागतं. शेवटची कड लाकडाच्या किंवा नायलॉनच्या मोगरीनं बसवायची. लोखंडी हातोड्याचा प्रत्येक घाव कडेला पातळ करतो, आणि त्या घावाच्या खुणेतूनच पुढं तडा सुरू होतो.

थोडी ऊब दिली तर ओतीव रिम तडकायची भीती कमी होते, ते खरं आहे. पण ऊब म्हणजे १५० अंशांच्या आसपास. १८०च्या वर कुठल्याही परिस्थितीत नाही. हॉट एअर गन घ्या, दबलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पसरून तापवा. ऑक्सी-ॲसिटिलीनची टोकदार ज्योत या कामाला नकोच. तापमान मोजायला तापमानाचा खडू सगळ्यात भरवशाचा. ठराविक अंशाला वितळणारा खडू घेऊन रिमवर रेघ ओढायची, रेघ वितळली की थांबायचं. इन्फ्रारेड गन वापरणाऱ्यांनी सांभाळून. चकचकीत ॲल्युमिनियम फार कमी उष्णता बाहेर फेकतं, त्यामुळं गन खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. १०० वाचून तुम्ही आणखी तापवाल आणि धातू केव्हाच २००च्या पुढं गेलेला असेल. काळ्या पेंटचा ठिपका देऊन त्यावर मोजलंत तर आकडा विश्वासाचा येतो.

आणि तो साबणाचा नुस्खा. रिमवर साबण घासायचा, तो काळा पडेपर्यंत तापवायचं, मग ठोकायचं. जुनी माणसं हे मोठ्या खात्रीनं सांगतात, आणि पत्र्याच्या कामात ते बरोबरच आहे. तिथं ॲल्युमिनियम मऊच करायचं असतं. साबण काळा पडतो तो ३००च्या बराच पुढं. म्हणजे त्या क्षणी तुमचं टी६ संपलेलं असतं. तुमचा गॅरेजवाला साबण हातात घेऊ लागला तर रिम उचलून चहा प्यायला चला.

कारागीर नवा असेल तर त्याची परीक्षा घ्यायची एक रीत सांगतो. भंगारात जाणारं एखादं अलॉय त्याच्याकडून नेहमीसारखं सरळ करून घ्या. मग दुरुस्त केलेल्या जागेचा एक तुकडा आणि समोरच्या न दबलेल्या बाजूचा एक तुकडा कापा. फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत ब्रिनेल कडकपणा बघतात. ॲल्युमिनियमला १० मिलिमीटरची गोळी आणि ५०० किलोचा भार लावायला सांगा. ओळखीत काम होऊन जातं. टी६मधलं ए३५६ साधारण ७५ ते ९० दाखवतं. दोन्ही तुकडे जवळपास सारखे आले तर माणूस कामाचा. दुरुस्तीकडचा आकडा निम्म्यावर आला तर त्याच्याकडं ट्रॉलीची रिमंच द्या.

सरळ झाल्यावर पोरांना पावडर कोटिंगचा सोस असतो. पावडर भाजायला साधारण १८० ते २०० अंशांची भट्टी लागते. एकदा केलं तर बिघडत नाही म्हणा, पण दर हंगामाला नवा रंग म्हणून चारदा भाजून घेतलंत तर मुरवलेली ताकद थोडी थोडी उतरत जाते. रेसच्या गाडीला साधा स्प्रे पेंट पुरे. त्याचा फायदाही आहे, तडा पातळ रंगातून लवकर दिसतो. पावडरच्या जाड थराखाली तो बराच काळ लपून राहतो.

आता तुमचं दुसरं रिम. तड्याला आर्गॉन वेल्डिंग करून देणारे भेटतील, आणि त्यातले काही खरंच चांगले वेल्डर आहेत. प्रश्न वेल्डरच्या हाताचा नाहीच. वेल्डिंगमध्ये धातू वितळवावाच लागतो. म्हणजे वेल्डच्या दोन्ही बाजूंचा पट्टा टी६मधून बाहेर पडणारच, कितीही सुंदर रेघ मारली तरी. त्यातून ॲल्युमिनियमचं आणखी एक आहे. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचे ताण ते कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा बसला की तडा पुढं सरकतो, आणि स्पोकचं मूळ चाकाच्या दर फेऱ्याला एकदा वाकत असतं. तिथलं वेल्ड कधी सुटेल ते सांगता येत नाही. सुटलं तर चाकाचा बाहेरचा भाग हबला सोडून जातो, आणि समोर बॅरिकेडपाशी लोक उभे असतात. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायची युक्ती इंजिनाच्या कव्हरला चालते, चाकाला नाही.

आतल्या कडेला बोटभर तडा असेल आणि स्पोकपर्यंत पोचला नसेल तर ४०४३ची कांडी वापरून वेल्ड करतात. तसलं रिम ट्रेलरवर गाडी चढवायला, शेडमध्ये ढकलायला वापरा. स्पर्धेत नको, स्टेपनीला तर मुळीच नको, कारण स्टेपनी लागते तेव्हा तुम्ही घाटात, अंधारात आणि घाईत असता. ज्यांच्याकडं दोन किंवा तीन तुकड्यांची रेसिंग रिमं आहेत त्यांचं बरं असतं. आतला अर्धा भाग वाकला तर तेवढाच नवा आणून बसवायचा, वाकलेल्याला हात लावायचा नाही.  बीडलॉकची, म्हणजे टायरची बीड बोल्टनं आवळून धरणाऱ्या रिमची, बाहेरची कडी वाकली तरी कडीच बदलायची. पण बीडलॉक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आतली कड तिथंही एकटीच असते. कडीचे बोल्ट समोरासमोर आळीपाळीनं, कंपनीनं दिलेल्या टॉर्कनं आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

नवं अलॉय रिम आयएस १६१९२ या भारतीय मानकाप्रमाणं तीन तऱ्हांनी तपासतात. वळणात येतो तसा वाकवणारा ताण देत फिरवतात, वजनाखाली रोलरवर पळवतात, आणि १३ अंशांत तिरकं धरून कडेवर वजन टाकतात. दुरुस्त केलेल्या रिमला यातलं काहीच कुणी करत नाही. म्हणून सरळ केलेलं रिम मी पुढच्या एक्सलला लावत नाही. मागं हवा गेली तर गाडी सावरता येते, पुढं गेली तर स्टिअरिंग हातातून जातं. रिमवर आतून पेंटनं तारीख टाका, म्हणजे पुढच्या वर्षी कुठलं कोरं आणि कुठलं सरळ केलेलं यावर वाद होणार नाही.

स्पर्धेच्या जागीच रिम दबलं तर वेगळा हिशेब. हवा सोडा, टायर रिमवरच राहू द्या, कडेला लाकडाचा ठोकळा लावून दोन किलोच्या हातोड्यानं हळूहळू बाहेर आणा. मोठ्या ॲडजस्टेबल पान्यात कड धरून वाकवली तरी येते. साबणाच्या पाण्यानं बीड बसवा, हवा भरा, बुडबुडे बघा. हे तेवढा दिवस काढायला. घरी आल्यावर ते रिम वर सांगितल्याप्रमाणं मोजायचं आणि तपासायचं, ‘चाललं की काल’ म्हणून तसंच ठेवायचं नाही.

तुमची रिमं घाटानं येताना वाकली एवढंच तुम्ही लिहिलंय, कशामुळं ते नाही, पण मला अंदाज आहे. चिखलात टायर रुतू नये म्हणून हवा १२-१५ पीएसआयवर आणता, आणि स्पर्धा झाली की दमलेली पोरं त्याच हवेवर घाट चढतात. चोर्ला, कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यात पावसाळ्याच्या अखेरीस डांबराच्या कडा तुटून उभ्या राहतात. तिथं ४०-५०च्या वेगात टायर पूर्ण चेपतो आणि धक्का थेट कडेवर येतो. माझ्याकडं येणारी बरीचशी रिमं शर्यतीत नाही, अशीच परतीच्या वाटेवर वाकलेली असतात. बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर एका अलॉयपेक्षा स्वस्त पडतो. शिवाय स्टेपनीला कंपनीचं लोखंडी रिम ठेवा. जिप्सीचं पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचं माप, ५×१३९.७ आहे, जिम्नीचंही तेच, त्यामुळं शोधायला त्रास नाही. ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत-बाहेर बसतं ते, तेवढा जुळवून घ्या आणि नट तपासा. अलॉयचे आणि लोखंडी रिमचे नट एकाच बैठकीचे असतीलच असं नाही.

तर पहिलं रिम धुऊन, डाय मारून, हायड्रॉलिक राम असलेल्या आणि खडू वापरणाऱ्या माणसाकडं न्या. खर्च नव्या रिमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर नवंच घ्या. दुसरं भंगारात द्या, पण देण्याआधी ग्राइंडरनं बॅरल दोन ठिकाणी आरपार कापून द्या. अख्खं दिलंत तर त्याला वेल्ड आणि पॉलिश होऊन ते महिन्याभरात कुणाच्या तरी थारला किंवा जिप्सीला लागलेलं दिसेल.